सिद्धांत कुणी मांडायचा? समाजशास्त्राच्या इतिहासाकडे आपल्या बाजूने पाहताना

(महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठांत समाजशास्त्र शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला विषय दिला आहे ‘समाजशास्त्रातील प्रमुख सिद्धांतांचा विकास’. जवळपास प्रत्येक विद्यापीठात अशा नावाचा एक पेपर असतो आणि बहुतेकांना त्याची धास्ती असते. तुमच्यापैकी कुणी हैदराबादला आहे, कुणी दिल्लीला, कुणी बडोद्याला. घरात पुस्तकांचं कपाट नव्हतं, बारावीपर्यंत मराठी माध्यम, आणि एम.ए.ला आल्यावर एकदम समोर येतात कॉम्त, डरखाइम, मार्क्स, वेबर, पार्सन्स, तेही जाडजूड इंग्रजीत. मग आपण नोट्स मिळवतो, गाइड घेतो, कुणी कोणत्या साली काय म्हटलं ते पाठ करतो. नेट-सेटच्या ‘जोड्या लावा’साठी तेवढं पुरतं. पुढे मात्र ते कुठेच उपयोगी पडत नाही.

यापेक्षा जास्त नुकसान करणारी दुसरी एक गोष्ट आहे. मी एम.ए.ला असताना जातीच्या सिद्धांतांवर लघुप्रबंध लिहायचं ठरवलं, तेव्हा आमच्या एका प्राध्यापकांनी मला बसवून समजावलं. ‘थिअरीच्या भानगडीत कशाला पडतेस? तुमच्या वस्तीचं फील्डवर्क कर. तुला तर सगळं आतून माहीत आहे.’ बोलण्यात आपुलकी होती, पण त्या आपुलकीत एक वाटणी दडलेली होती. अनुभव तुमचा, त्याचा अर्थ लावायचं काम आमचं. गोपाळ गुरू यांनी २००२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिलेल्या लेखात याच वाटणीवर बोट ठेवलं. भारतीय समाजशास्त्रांत सिद्धांत मांडणारे एका बाजूला आणि माहिती गोळा करणारे दुसऱ्या बाजूला, आणि ही विभागणी जातीच्याच उतरंडीसारखी, असा त्यांचा आरोप होता. तुम्हीही हा सल्ला ऐकला असेल, नसेल तर लवकरच ऐकाल.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. प्रत्येक सिद्धांत हा कुणाच्या तरी प्रश्नाला दिलेलं उत्तर असतो. तो प्रश्न विचारणारा माणूस कुठे उभा होता हे कळलं, की सिद्धांत समजतो. त्याला काय दिसलं तेही कळतं आणि त्याच्या नजरेतून काय सुटलं तेही कळतं. सिद्धांत मांडणं हे कुणाच्या घराण्याचं वतन नाही. ज्याच्याकडे खरा प्रश्न आहे आणि तो नेटाने तपासायची तयारी आहे, त्याचं ते काम आहे. हे मी तुम्हाला प्रमुख सिद्धांतांवरूनच दाखवते. कसोटी मात्र आपली, जातीची.

डरखाइमचा प्रश्न

समाजशास्त्र जन्माला आलं ते उलथापालथ झालेल्या युरोपात. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने राजा आणि चर्च यांचं वजन गेलं, कारखान्यांनी खेडी रिकामी केली. जुनं मोडलं आणि नवं अजून उभं राहिलेलं नाही, अशा वेळी ऑगस्ट कॉम्तने १८३० च्या दशकाच्या शेवटी या शास्त्राला नाव दिलं. त्याला पडलेला प्रश्न सुव्यवस्थेचा होता. देवाच्या आणि राजाच्या धाकाशिवाय समाज एकत्र कसा राहणार?

हाच प्रश्न एमिल डरखाइमने शास्त्रशुद्ध केला. १८९७ च्या त्याच्या आत्महत्येवरच्या पुस्तकाचं महत्त्व कशात आहे? आत्महत्या ही सगळ्यात खासगी वाटणारी गोष्ट. पण डरखाइमने आकडे मांडून दाखवलं, की वेगवेगळ्या देशांत, धर्मसमूहांत, विवाहित-अविवाहितांत आत्महत्यांचं प्रमाण वेगवेगळं असतं आणि ते वर्षानुवर्षं बरंचसं तसंच राहतं. म्हणजे एका माणसाच्या मनात जे चालतं त्याच्या मागे समाजाची घडण असते. समाज त्या माणसाला किती सामावून घेतो, किती एकटं पाडतो, यावर पुष्कळ काही ठरतं.

आता हे आपल्याकडे आणा. उच्चशिक्षणाच्या संस्थांमध्ये आपली मुलं जीव देतात, तेव्हा पहिलं वाक्य काय येतं? ‘तो खचला होता’, ‘तिला अभ्यास झेपत नव्हता’. ज्याने डरखाइम नुसता पाठ केला तो या वाक्यापाशी थांबतो. ज्याला तो समजला तो विचारतो: या संस्थेत त्या मुलाला कुणी सामावून घेतलं होतं का? मेसमध्ये त्याच्याबरोबर कोण बसत होतं? गाइड मिळायला त्याला किती दिवस लागले? असं पुन्हा पुन्हा कुणाच्याच मुलांच्या बाबतीत का होतं? असा उपयोग होतो सिद्धांताचा. ज्याला खासगी दुबळेपणा म्हटलं जातं, तो प्रश्न सार्वजनिक करण्याचं बळ त्यातून मिळतं.

डरखाइमचं आधीचं पुस्तक, १८९३ चं, श्रमविभागणीवरचं. त्याचं म्हणणं असं, की आधुनिक समाजात प्रत्येकाचं काम वेगळं असतं, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याची गरज लागते आणि या गरजेतून ऐक्य तयार होतं. गाइडमध्ये एवढंच असतं. पण त्याच पुस्तकाच्या शेवटच्या भागात तो लादलेल्या श्रमविभागणीबद्दल बोलतो. कामं माणसाच्या कुवतीप्रमाणे न वाटता जबरदस्तीने वाटली तर ऐक्याऐवजी संघर्ष होतो, असं तो सांगतो, आणि तिथे तो जातीचंही उदाहरण घेतो. हे पान आपल्या वर्गात कितीदा वाचलं जातं?

१९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात बाबासाहेब एक पाऊल पुढे गेले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने ते भाषण रद्द केलं, म्हणून त्यांनी ते स्वतः छापलं. जात म्हणजे श्रमविभागणी, असं समर्थन तेव्हा सर्रास केलं जाई. बाबासाहेबांनी उत्तर दिलं, की जात नुसत्या कामांची विभागणी करत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी करते, आणि त्यांना एकावर एक रचून ठेवते. सुताराला लोहाराची गरज आहे म्हणून त्या दोघांत रोटी-बेटी होते का? गरज असूनही ऐक्य होत नाही, हे जातीचं वैशिष्ट्य आहे. डरखाइमच्या चौकटीत एक अपवाद म्हणून आलेली गोष्ट आपल्याकडे नियम होती, आणि नियमाला त्याचा स्वतःचा सिद्धांत लागतो.

मार्क्स आणि वेबर

कार्ल मार्क्सचा प्रश्न वेगळा होता. इतकं उत्पादन होत असताना ते करणारा उपाशी का? उत्पादनाची साधनं कुणाच्या हातात आहेत हे पाहा, म्हणजे बाकीचं उलगडेल, हे त्याचं उत्तर. मजुरी करणाऱ्या घरातून आलेल्या कुणालाही हे उत्तर लगेच पटतं, आणि त्यात फार मोठं सत्य आहे.

पण आपल्या कसोटीवर ते घासून पाहू. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात मार्क्सचा हिंदुस्थानवरचा लेख आला. रेल्वेमुळे उद्योग येतील आणि ते उद्योग जातींचा पाया असलेली वंशपरंपरागत कामाची वाटणी विरघळवून टाकतील, असा त्याचा अंदाज होता. रेल्वे आली, मुंबईत कापडगिरण्याही आल्या. मग काय झालं? गिरणीत आपली माणसं कामाला लागली, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्याची दारं अस्पृश्यांना बंद राहिली. कारण काय, तर धोट्यात दोरा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि त्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. यंत्र इंग्लंडहून आलं, भांडवल आलं, कामगारवर्ग तयार झाला, आणि जात त्या यंत्राच्या धोट्यावर जाऊन बसली.

म्हणून मार्क्स टाकून द्यायचा का? अजिबात नाही. त्या गिरणीत नफा कुणाचा होत होता हे समजायला मार्क्सच लागतो. विणकाम खात्याचं दार कुणी आणि का लावलं, हे समजायला मात्र दुसरं काही लागतं.

मॅक्स वेबरकडे त्या ‘दुसऱ्या’चा एक भाग सापडतो. नुसत्या पैशाने माणसाची पायरी ठरत नाही, मान आणि दर्जा ही वेगळी सत्ता आहे, असं त्याने मांडलं. कोण कुणाबरोबर जेवतो, कोण कुणाशी लग्न करतो, यातून दर्जागट तयार होतात आणि जात हे त्याचं टोकाचं रूप, असं तो म्हणतो. हे मार्क्सपेक्षा जातीच्या जवळ जातं. पण पुढे त्याने विचारलं, की खालच्यांनी हे सगळं सहन का केलं? वेबर कधी हिंदुस्थानात आला नाही. त्याची भिस्त भाषांतरित धर्मग्रंथांवर, खानेसुमारीच्या अहवालांवर आणि युरोपीय अभ्यासकांच्या लेखनावर होती. त्यातून त्याने निष्कर्ष काढला, की कर्मसिद्धांताची पकड इतकी पक्की होती की खालच्या जातीचा माणूससुद्धा पुढच्या जन्माच्या आशेवर आपला जातिधर्म पाळत राहिला.

धर्मग्रंथ ज्यांनी लिहिले त्यांच्या नजरेतून पाहिलं तर असंच दिसणार. पण वेबर हे लिहीत होता त्याच्या चाळीसेक वर्षं आधी, १८७३ साली, जोतिराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं होतं आणि त्याच वर्षीच्या २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला होता. कर्मसिद्धांत मनापासून मान्य केलेली माणसं असं पुस्तक लिहीत नाहीत आणि भटाशिवाय लग्नंही लावत नाहीत. वेबरच्या बुद्धीत खोट नव्हती. त्याच्या टेबलावर जी कागदपत्रं होती त्यांत आपली बाजू नव्हती.

न्यूयॉर्क, मे १९१६

आता थोडं अमेरिकेत जाऊ, कारण सिद्धांताच्या इतिहासात कुणाला जागा मिळते आणि कुणाला नाही, हे तिथे स्पष्ट दिसतं.

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे कृष्णवर्णीय अभ्यासक. हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे पहिले आफ्रिकन अमेरिकन, त्याआधी बर्लिनला शिकलेले. १८९९ साली त्यांचं ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ आलं. शहरातल्या एका वॉर्डात घरोघर फिरून त्यांनी माहिती गोळा केली. गोऱ्या समाजाच्या लेखी काळे लोक हीच समस्या होती. ड्यू बॉइस यांनी प्रश्न उलटा केला: या लोकांपुढच्या समस्या कोणत्या, आणि त्या कुणी निर्माण केल्या? गरिबी आणि गुन्हेगारीचं मूळ त्यांनी रक्तात न शोधता गुलामगिरीच्या इतिहासात आणि नोकरीतल्या भेदभावात शोधलं. हे काम डरखाइमच्या आत्महत्येवरच्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी झालं. तरी कित्येक दशकं अमेरिकी पाठ्यपुस्तकांनी ड्यू बॉइस यांना समाजशास्त्राचे संस्थापक मानलं नाही. आपण ज्याला ‘अभिजात त्रिमूर्ती’ म्हणून पाठ करतो ती मार्क्स-डरखाइम-वेबर यादीसुद्धा आकाशातून पडलेली नाही. टॅल्कॉट पार्सन्सच्या १९३७ च्या गाजलेल्या ग्रंथात डरखाइम आणि वेबर केंद्रस्थानी होते, मार्क्स नव्हता. त्याला त्या रांगेत मानाची जागा मिळाली ती पुढे, १९६० च्या दशकापासून. म्हणजे यादी माणसं करतात आणि माणसं ती बदलतात.

त्याच अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात एक निबंध वाचला. विषय होता ‘भारतातील जाती: त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास’. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. वेबरचं हिंदू धर्मावरचं लेखन जर्मन नियतकालिकात येऊ लागलं तेही याच सुमारास. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं. पण एकाच काळात एक माणूस जर्मनीत बसून जातीचा धर्म वाचत होता आणि दुसरा, जातीतून आलेला, तिची यंत्रणा उघडून पाहत होता.

हा निबंध तुम्ही मूळातून वाचा, कारण सिद्धांत कसा मांडतात याचा तो धडा आहे. बाबासाहेब त्यात स्वतःवर झालेल्या अन्यायाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. त्यांना तेव्हा सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तरी ते सुरुवात करतात व्याख्यांपासून. सेनार, नेसफिल्ड, रिझली आणि आपल्या ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवतात आणि एकेक तपासतात. केतकरांच्या व्याख्येला ते सर्वांत जवळची मानतात. केतकरांनी दोन लक्षणं सांगितली होती: जन्माने सदस्यत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब म्हणतात, ही दोन लक्षणं नव्हेतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. लग्न बाहेर होऊ दिलं नाही तर सदस्यत्व आपोआप जन्मानेच ठरणार. म्हणजे जातीचा गाभा एकच, जातीअंतर्गत विवाह.

मग पुढचा प्रश्न. ही बंदी टिकवायची कशी? स्त्री-पुरुषांची संख्या ढोबळमानाने सारखी असते. नवरा मेला तर बायको ‘जास्तीची’ ठरते, बायको मेली तर नवरा. जास्तीची स्त्री जातीबाहेर लग्न करील किंवा जातीतल्या दुसऱ्या मुलीचा वर घेईल. म्हणून तिला जाळायचं किंवा आयुष्यभर विधवा ठेवायचं. पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो समाजाला हवा असतो. म्हणून त्याच्यासाठी अजून वयात न आलेली मुलगी शोधायची. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. वरवर वेगवेगळ्या दिसणाऱ्या या तीन रूढी एकाच यंत्रणेचे भाग आहेत, हे त्यांनी तर्काने दाखवलं. जातीचं कुलूप स्त्रीच्या देहावर लावलेलं आहे, हे पंचवीस वर्षांच्या मुलाने १९१६ साली सांगितलं.

आणि शेवट? हा सिद्धांत अंतिम आहे असा आपला दावा नाही, तो टिकत नाही असं कुणी दाखवून दिलं तर सोडायची तयारी आहे, अशा अर्थाचं ते लिहितात. आत्मविश्वास आणि तपासाला तयार असणं, या दोन्ही गोष्टी एकाच निबंधात आहेत. आपण दोन्ही घ्यायच्या.

वर्गात काय शिकवलं गेलं

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला १९१९ साली, पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली. पुढे गोविंद सदाशिव घुर्ये तिथे आले आणि त्यांनी भारतीय समाजशास्त्राची एक मोठी पिढी घडवली. त्यांचं जात आणि वंशावरचं पुस्तक १९३२ चं. नाकाच्या मापांवरून जातींचे वंश ठरवणाऱ्या रिझलीचं म्हणणं त्यांनी बऱ्याच अंशी खोडून काढलं. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये बाबासाहेबांनी घुर्ये यांनी मांडलेल्या मापांचा आधार घेऊन अस्पृश्य हा वेगळा वंश नाही असं दाखवलं. ज्याच्याशी अनेक बाबतींत आपलं जमत नाही त्याचाही पुरावा वापरावा, ही अभ्यासाची रीत आहे.

घुर्ये यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास. त्यांची ‘संस्कृतीकरण’ ही संकल्पना १९५२ च्या कूर्गवरच्या पुस्तकातली. खालच्या जाती वरच्या जातींच्या चालीरीती उचलतात, मांस-दारू सोडतात, विधवाविवाह बंद करतात आणि एक-दोन पिढ्यांत वरची पायरी मागतात. हे खरंच घडतं, आपल्या नात्यागोत्यांतही आपण पाहतो. पण १९१६ च्या निबंधात बाबासाहेबांनी तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे अनुकरणाचे नियम वापरून हाच प्रवाह आधी मांडला होता. काहींनी दार लावून घेतलं, बाकीच्यांना दार बंद आढळलं. अनुकरण वरून खाली आलं आणि जात जशी खाली उतरली तशा विधवांवरच्या बंद्याही उतरल्या. दोघांतला फरक पाहा. श्रीनिवास यांचं लक्ष खालून वर सरकणाऱ्या जातीकडे आहे. बाबासाहेबांचं लक्ष, त्या सरकण्याची किंमत घरातली कोणती बाई मोजते, याकडे आहे. संस्कृतीकरणाचा प्रश्न मी परीक्षेत अनेकदा सोडवला, पण त्यासोबत हा निबंध वाचा असं मला वर्गात कुणी सांगितलं नाही.

मग १९६६ साली फ्रेंच अभ्यासक लुई द्युमाँ यांचा ‘होमो हायरार्किकस’ आला. शुद्ध-अशुद्धाच्या कल्पनेवर सगळी उतरंड उभी आहे आणि त्या कल्पनेत सगळे सामील आहेत, असा त्याचा रोख. गढवालमधल्या एका पहाडी गावात काम केलेले अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जेराल्ड बेरमन यांनी यावर टीका केली, की हे जातीचं ब्राह्मणी दर्शन आहे. खाली उभं राहून पाहिलं तर एकमत दिसत नाही, सत्ता आणि सक्ती दिसते. बाबासाहेबांची ‘श्रेणीबद्ध विषमता’ ही संकल्पना इथे जास्त खोल जाते. जातीत प्रत्येकाला वरच्याचा जाच असतो, पण कुणीतरी खालीही असतं. म्हणून सगळे मिळून उतरंडीवर उठत नाहीत. मालक आणि गुलाम अशा दोनच पायऱ्या असत्या तर लढाई सरळ झाली असती. जात टिकते का, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसऱ्या कुठल्या सिद्धांतात सापडलेलं नाही.

गुणवत्तेचा सिद्धांत आणि आपण

आरक्षणावर वाद घालताना जो ‘मेरिट’चा मुद्दा येतो, त्यामागेही एक सिद्धांत आहे. १९४५ साली डेव्हिस आणि मूर या दोन प्रकार्यवादी अभ्यासकांनी मांडलं, की समाजाला काही कामं जास्त महत्त्वाची असतात, ती करायला दुर्मीळ गुण लागतात, म्हणून त्या जागांना जास्त पगार आणि मान द्यावा लागतो. विषमता समाजाच्या गरजेतून येते. १९५३ साली मेल्विन ट्यूमिनने उलट विचारलं: महत्त्वाचं काम कोणतं हे कोण ठरवतं? आणि ज्यांना शाळेपर्यंतच पोचू दिलं नाही त्यांचे गुण तुम्ही मोजले कधी?

आपण यात आपला एक प्रश्न घालू. शहरातल्या सफाई कामगारांनी आठ दिवस काम थांबवलं तर शहराचं काय होईल? मग ते काम महत्त्वाचं नाही कसं? डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करायला १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली पुन्हा करावा लागला, तरी गटारात उतरून माणसं मरतात. ते काम कमी पगाराचं आहे ते गरज नसल्यामुळे नव्हे. ते कुणाच्या जन्माशी बांधलंय म्हणून आहे.

फ्रान्सचे पिएर बोर्द्यू हे आपल्याच जातकुळीचे विद्यार्थी. आजोबा दुसऱ्याची जमीन कसणारे, वडील खेड्यातल्या टपालखात्यात. १९६४ साली पासरों यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी दाखवलं, की शाळा ज्याला हुशारी म्हणते ती पुष्कळदा घरून मिळालेली ठेव असते: बोलण्याची ढब, पुस्तकांची सवय, परीक्षकासमोर बसण्याचा सहजपणा. यालाच ते पुढे सांस्कृतिक भांडवल म्हणतात. मुलाखतीत तुमचा आवाज बसतो, उत्तर माहीत असून इंग्रजी शब्द सुचत नाही, आणि शेजारचा मुलगा न वाचलेल्या पुस्तकावर पाच मिनिटं बोलतो. बोर्द्यू वाचल्यावर कळतं, की यात तुमच्या मेंदूचा दोष नाही. पण हेही लक्षात ठेवा, की १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिरावांनी सांगितलं होतं: कर भरतो कष्टकरी, शिक्षणाचा लाभ घेतो उच्चवर्णीय, आणि वरून खाली ज्ञान झिरपेल ही आशा फोल आहे. बोर्द्यूच्या पुस्तकाआधी ऐंशीहून अधिक वर्षं.

याच रांगेत शर्मिला रेगे येतात. १९९५ साली गोपाळ गुरूंनी दलित स्त्रिया वेगळं का बोलतात हे लिहिलं. १९९८ साली रेगे यांनी तो धागा पुढे नेऊन दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडली. त्या स्वतः दलित नव्हत्या. त्यांचं म्हणणं होतं, की दलित स्त्रियांच्या जगण्यातून जे दिसतं त्यापासून सुरुवात केली तर जात आणि पुरुषसत्ता दोन्ही जास्त नीट दिसतात, आणि ही दृष्टी अभ्यासाने व संघर्षाने इतरांनाही कमावता येते. २०१३ साली, त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, त्यांनी ब्राह्मणी पितृसत्तेवरचं बाबासाहेबांचं लेखन संपादित करून पुस्तकरूपाने आणलं. १९१६ चा निबंध असा जवळपास शंभर वर्षांनी स्त्री-अभ्यासाच्या वर्गात आला.

शेवटी

यावरून कुणी असं समजू नये, की आपल्या जातीत जन्मलं की सिद्धांत आपोआप सुचतो. अनुभव हा कच्चा माल आहे. तो पुराव्याने घासावा लागतो, दुसऱ्यांच्या म्हणण्याशी भिडवावा लागतो, आपल्या म्हणण्याविरुद्धचं उदाहरण स्वतःच शोधावं लागतं. हे कष्ट टाळून नुसतं ‘मी भोगलंय’ म्हटलं, तर आपण त्या जुन्या वाटणीतच राहतो. अनुभव आपला, अर्थ लावणार दुसरे.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते. कुठलाही सिद्धांत वाचताना वहीत तीन ओळी लिहा: याचा प्रश्न कोणता होता? याला काय दिसलं? आमच्या गल्लीतून पाहिलं तर यातून काय सुटतं? तिसरी ओळ गाइडमध्ये मिळणार नाही, ती तुम्हालाच लिहावी लागेल. गटाने वाचा, कारण एकट्याला इंग्रजी उतारा भिंतीसारखा वाटतो आणि चौघांत त्याला दार सापडतं. जे समजलं ते मराठीत घरी समजावून सांगून पाहा. आईला वेबर सांगता आला नाही तर तो अजून आपल्याला समजलेला नाही, असं खुशाल समजा. आणि कुणी फील्डवर्क करायला सांगितलं तर जरूर करा, मन लावून करा, पण प्रबंधातलं सिद्धांताचं प्रकरण दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडू नका.

प्रबंधाचा विषय ठरवायला तुमच्याकडे अजून काही महिने आहेत. तेवढ्यात तो निबंध वाचून घ्या. एका बैठकीत वाचून होतो. मग आपण पुन्हा बसू, आणि त्या वेळी बोलायची पाळी तुमची.

जय भीम, जय जोती, जय सावित्री.